पहिली पुडी कुणाच्या हातची

बेळगावातून पश्चिमेला वेंगुर्ल्याच्या रस्त्याला लागलं की थोड्याच वेळात शिनोळी येतं आणि महाराष्ट्र सुरू होतो. जांबोटी, कणकुंबी करत चोर्ला घाट उतरलात की गोवा. तिन्ही राज्यांत दारूसाठी ठरवलेलं वय वेगळं. गोव्यात १८, कर्नाटकात २१, महाराष्ट्रात बिअरला २१ आणि कडक दारूला २५. आमच्या गावातला १९ वर्षांचा पोरगा सकाळी मोटारसायकलला किक मारून निघाला, तर दुपारच्या जेवणापर्यंत तो अशा ठिकाणी पोचलेला असतो, जिथं त्याला अडवायचा कुणाला अधिकारच नाही. बारावीचा शेवटचा पेपर झाला की पोरांची टोळकी घाटाकडं का वळतात, त्याचं कारण एकटा समुद्र नव्हे.

गुटख्याचंही तेच. महाराष्ट्रानं २०१२ मध्ये बंदी घातली, कर्नाटकानं २०१३ मध्ये. बंदीनंतर इथल्या टपऱ्यांवर पान मसाल्याची पुडी वेगळी आणि तंबाखूची वेगळी अशी जोडी लटकू लागली. दोन्ही फाडायच्या, एकत्र करायच्या, तोंडात टाकायच्या. महाराष्ट्रात पान मसाल्यालाही मनाई, त्यामुळं निपाणीकडून कोगनोळी नाका ओलांडून कागलकडं माल जातो, पकडला जातो, पुन्हा जातो. पोती पलीकडं पोचवायला दुचाकीवरची पोरं लागतात आणि ती मिळतातही.

सीमेवर राहणाऱ्याला हे सगळं पाठ असतं. म्हणूनच गावात व्यसनाचा विषय निघाला की बोट लगेच वेशीबाहेर जातं. माल गोव्यातून येतो, मुंबईकडून येतो, बाहेरचे कामगार आणतात. त्यात खोटं काही नाही. पण मी मराठी माध्यमाच्या हायस्कुलात शिकवते, आठवी ते दहावीची पोरं रोज समोर असतात, आणि त्यांच्याशी बोलून माझं मत पक्कं झालंय. माल कुठूनही येवो, मुलाला पहिली पुडी परका माणूस देत नाही. ती त्याच हातातून येते, ज्याचं बोट धरून तो यात्रेत फिरलेला असतो.

सुरुवात किती साधी असते बघा. रविवारची सकाळ, कट्ट्यावर चारजण बसलेत. समोरून सातवीतला पुतण्या चाललाय. "काय गा, कुठं चाललैस? जरा दुकानात जा, दोन पुड्या घेऊन ये. उरलेल्याचं चॉकलेट खा." पुतण्या धावत जातो. दुकानदार ओळखीचा, कुणाच्या पोराला कुणासाठी काय हवंय हे त्याला न सांगता कळतं. यात कुणाच्याही मनात काही वाईट नसतं. मोठ्यांचं ऐकणारं पोर म्हणून उलट कौतुकच होतं.

कायद्यानं मात्र हा व्यवहार गुन्हा आहे. २००३ च्या केंद्रीय कायद्यानुसार १८ वर्षांखालच्या मुलाला तंबाखू विकायची नाही, मग ती कुणासाठी का मागवलेली असेना. शाळेपासून १०० यार्डांच्या आत तर कुणालाच विकायची नाही. कर्नाटकानं आता हे वय २१ वर नेलंय. बाल न्याय कायद्याचं, २०१५ चं, ७७ वं कलम त्याहून कडक आहे. मुलाच्या हातात दारू, अंमली पदार्थ किंवा तंबाखू देणाऱ्याला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड. ही कलमं मी पालकसभेत वाचून दाखवते तेव्हा मागच्या रांगेतली पुरुषमंडळी अवघडून बसतात. कुणाला तुरुंगात पाठवायची मला हौस नाही. मला एवढंच हवंय, की काकांनी आपली पुडी आपण उठून आणावी. पोराच्या हाताला त्या पुडीची सवय होता कामा नये. दुकानात जाऊन ती मागण्याची भीड पोराच्या मनात शिल्लक राहायला हवी. ती भीड हेच त्याचं पहिलं कुंपण असतं, आणि ते आपणच सातव्या-आठव्या वर्षी काढून टाकतो.

सुगंधी सुपारीचा विषय तर कुणी विषय मानतच नाही. लग्नात, बारशात, हळदीकुंकवात ताटली फिरते, मुलंही मूठभर उचलतात. "सुपारीच आहे की, तंबाखू थोडीच आहे!" शाळेत दातांची तपासणी होती तेव्हाची गोष्ट सांगते. डॉक्टर प्रत्येक पोराला एकच गोष्ट करायला लावत होते. आपली तीन बोटं एकावर एक उभी धरायची आणि तोंडात घालायची. बहुतेकांना ते सहज जमलं, हसत हसत. दहावीतला एक मुलगा पुढं आला. त्याची दोन बोटं कशीबशी गेली, तिसऱ्याला जागा नव्हती. त्यानं जोर लावला, जबडा थरथरला, डोळ्यांत पाणी आलं, तोंड काही उघडेना. डॉक्टरांनी गालाच्या आतून बोट फिरवलं. आतली कातडी पांढुरकी आणि ताठ झालेली होती. त्यानं तंबाखूला कधी हात लावला नव्हता. आजीच्या चंचीतली सुपारी, मग दुकानातली गोड सुपारीची पाकिटं, चौथीपासून रोज. तिखट लागलं की तोंडाची आग व्हायची म्हणून तो वर्षभर आईजवळ बिनतिखटाची भाजी मागत होता आणि घरचे म्हणत होते, पोरगं फार नखरे करतंय.

हा आजार सुपारीचाच. गालाच्या आतले स्नायू आणि कातडी हळूहळू आवळत जाते, आणि त्यातून पुढं कर्करोग होऊ शकतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं २००४ मध्येच नुसत्या सुपारीला, तंबाखूशिवायच्या सुपारीलाही, कर्करोगकारक ठरवलंय. गेलेली लवचिकता पुरती परत येत नाही. सुपारी सुटली तर आजाराची वाढ रोखता येते, म्हणून जितक्या लवकर सुटेल तितकं बरं. तो मुलगा आता सुपारी खात नाही. पण पेरू त्याला अजून सुरीनं कापूनच खावा लागतो.

देशातल्या १३ ते १५ वर्षांच्या शाळकरी मुलांपैकी साडेआठ टक्के कोणत्या ना कोणत्या रूपात तंबाखू घेतात, असं २०१९ च्या राष्ट्रीय पाहणीत दिसलं. पन्नास पोरांच्या वर्गात चार जण. माझ्या वर्गाकडं बघताना हा आकडा मला मोठा वाटत नाही, ओळखीचा वाटतो. आणि वयाचा मुद्दा उगीच नाही. अमेरिकेत १९९० च्या दशकात एक मोठी पाहणी झाली. त्यात पंधराच्या आत दारू सुरू केलेल्यांपैकी सुमारे ४० टक्के लोक पुढं कधी ना कधी तिच्या आहारी गेलेले आढळले. विशीत किंवा त्यानंतर सुरू केलेल्यांत हेच प्रमाण १० टक्क्यांच्या आसपास होतं. वाढत्या वयातला मेंदू जे शिकतो ते घट्ट धरून ठेवतो, मग ते पाढे असोत की पुडी. म्हणून मला कुणी विचारलं की तुम्हाला नेमकं काय साधायचंय, तर माझं उत्तर ठरलेलं असतं. सुरुवात पुढं ढकला. दोन वर्षं ढकला, चार ढकला. तेवढ्यानंही कितीतरी पोरं वाचतील.

आता मंडळांबद्दल. बेळगाव परिसरात मंडळ हे दुसरं घर असतं. गणपती, शिवजयंतीचे चित्ररथ, नवरात्र, दिवाळीतले किल्ले. वर्षातला असा एक महिना नाही ज्यात पोरांच्या डोक्यात मंडळाचं काही काम नाही. मी याच्या बाजूची आहे. मोबाईलमध्ये मान घालून बसलेल्या पोरापेक्षा रात्री अकरापर्यंत मंडप बांधणारं पोर मला केव्हाही चालेल. पण पहिला घोट बहुतेकांना मिळतो तोही इथंच. मंडपाच्या राखणीला बसलेल्या रात्री, विसर्जनाच्या मिरवणुकीनंतर, नाहीतर यात्रेच्या मटणाच्या पंगतीत. तिथं "घे रे, आता मोठा झालास" असं म्हणणारा कुणी गुंड नसतो. तो त्याच्या शर्टाची बटणं लावून दिलेला, त्याला सायकल शिकवलेला गल्लीतला दादाच असतो. मंडळच पोराला सांभाळतं आणि मंडळच त्याला चव दाखवतं. कुठलं पारडं जड होणार, हे तिथला थोरला कसा आहे यावर ठरतं.

एका दिवाळीत आमच्या गल्लीतला किल्ला उभा राहत होता. रायगड करायचं ठरलं होतं. गोणपाटं चिखलात बुडवून दगडांवर अंथरायची, वर चाळलेली माती लावायची, तटाच्या कडेनं अळीव पेरायचं. म्हणजे पाडव्यापर्यंत हिरवळ उगवते. सगळ्यांत पुढं तिशीतला एक दादा, उद्यमबागेत फौंड्रीत कामाला. त्याचे दोन्ही हात कोपरापर्यंत चिखलानं माखलेले. त्याला तलफ आली. त्यानं मानेनंच खूण केली आणि तिसरी-चौथीतल्या एका पोरानं त्याच्या खिशातून पिशवी काढली. डबीतून नखानं चुना घेतला, तळहातावर तंबाखू मळली, दुसऱ्या हातानं दोनदा थापटून भुकटी उडवली आणि चिमूट नीट दादाच्या ओठाआड ठेवली. इतकं सफाईदार काम मी मोठ्या माणसांच्या हातूनही पाहिलेलं नाही. आजूबाजूला कुणाला त्यात काही दिसलं नाही. दादा मात्र त्या पोराच्या बोटांकडं बघत राहिला. मग म्हणाला, "जा, साबण लावून हात धुऊन ये." थोड्या वेळानं स्वतःही उठला, नळावर गेला आणि तोंडातलं थुंकून आला.

पुढच्या गणपतीला त्याच दादानं बैठकीत दोन गोष्टी मांडल्या. मंडपात कुणी तंबाखूचा बार भरायचा नाही आणि दहावीपर्यंतच्या पोरांनी रात्री दहाला घरी जायचं. बरीच कुरकुर झाली. "काय बे, मंडळ आहे की शाळा?" असंही कुणी म्हणालं. पण तो हटला नाही, आणि सगळ्यांत अवजड कामं तोच करत असल्यामुळं त्याचं ऐकावं लागलं. त्याची स्वतःची तंबाखू पुरती सुटलेली नाही, हे मला माहीत आहे. तरीही त्या गल्लीतल्या पोरांसाठी त्यानं जे केलं ते शंभर भाषणांनी होणार नाही.

निपाणीकडच्या शाळांमध्ये बोलायचं झालं तर मला दहादा विचार करावा लागतो. तिथं तंबाखू हे पीक आहे, मजुरी आहे, वखारीत दिवसभर धुरळा नाकातोंडात घेऊन उभ्या राहणाऱ्या बायांचा पगार आहे. १९८१ मध्ये तंबाखूच्या भावासाठी शरद जोशींच्या नेतृत्वाखाली हजारो शेतकऱ्यांनी निपाणीजवळ महामार्ग रोखून धरला होता. पोलिसांच्या गोळीबारात शेतकरी मेले. त्या मातीतल्या पोरासमोर उभं राहून "तंबाखू म्हणजे विष" एवढंच बोलून निघून आलं, तर ते त्याच्या आईच्या कष्टाला लागतं. तिथं मी वखारीतल्या खोकल्यापासून सुरुवात करते. पोरांना तो खोकला माहीत असतो. आई रात्री कशी उठून बसते ते त्यांनी पाहिलेलं असतं. मग ती स्वतःच बोलू लागतात.

शाळा सुटल्यानंतरच्या वयाचं काय, हा मला सगळ्यांत जास्त छळणारा प्रश्न आहे. बेळगावला मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र आहे. आमच्या पश्चिम भागातल्या गावांत पहाटे पाचला रस्त्यावर पावलं वाजतात, ती भरतीची तयारी करणाऱ्या पोरांची. १६०० मीटर साडेपाच मिनिटांत मारायचे म्हणून ही पोरं बिडीकडं ढुंकून बघत नाहीत, रात्री वेळेवर झोपतात, आईकडं अंडी मागतात. त्यांना व्यसनमुक्तीचं व्याख्यान लागत नाही. अग्निवीरासाठी वयाची अट आहे, ती विशीच्या सुरुवातीलाच संपते. दोन-तीन भरत्या हुकल्या की एक दिवस वय उलटतं आणि पहाटेचं धावणं बंद पडतं. ज्या पोराला चार वर्षं सगळं गाव "काय फौजी" म्हणून हाक मारत होतं, त्याला आता कुणी हाक मारत नाही. तो नऊला उठतो. संध्याकाळी धाब्यावर दिसू लागतो. मी जी पोरं पुरती हातची गेलेली पाहिली, त्यांतली बरीचशी याच वळणावर गेली. पोरगं व्रात्य म्हणून बिघडलं, असं ज्यांच्याबद्दल म्हणतात त्यांच्यापेक्षा ही जास्त. आणि यांच्यासाठी गावात कसलीही सोय नाही, कारण ती शाळेत नसतात आणि अजून कुठं कामालाही लागलेली नसतात.

आइसलँडमध्ये १९९८ च्या सुमारास १५-१६ वर्षांच्या मुलांपैकी ४२ टक्के मुलं महिन्याभरात एकदा तरी झिंगेपर्यंत प्यायली होती. २०१६ पर्यंत हा आकडा ५ टक्क्यांवर आला. तिथल्या लोकांनी मुलांची संध्याकाळ भरली. खेळ, संगीत, त्यासाठी दर मुलामागं सरकारी मदत, रात्री मुलांनी बाहेर न राहण्याचं बंधन, आणि आईवडिलांनी आपसात ठरवून ते पाळणं. हे वाचताना मला बेळगावातला आनंदवाडीचा कुस्तीचा आखाडा आठवला. आमच्या गावोगावच्या तालमी हेच करत होत्या. संध्याकाळी लाल मातीत घाम गाळायचा, वस्तादांसमोर तोंडाला वास येता कामा नये, आणि लवकर झोपायचं. वस्ताद गेले, तालमीला कुलूप लागलं, आणि जागा जिमनं घेतली. जिम वाईट नाही. पण तिथं आरशासमोर उभ्या पोराला कुणी विचारणारं नाही, आणि झटपट ताकदीसाठी इंजेक्शनं टोचून घेण्याची नवी चटक तिथंच लागते. रक्तदाब वाढवायला डॉक्टर वापरतात ते मेफेंटरमाइन जिममधल्या पोरांना विकल्याची प्रकरणं महाराष्ट्रात उघडकीला आली आहेत. भिंती आणि लोखंड असून भागत नाही, तिथं वस्ताद लागतो.

२६ जूनला, अंमली पदार्थविरोधी दिनाला, आमच्याकडंही फेरी निघते, घोषणा होतात, शपथ होते. होऊ दे. पण येणारी पत्रकं कन्नडमध्ये असतात आणि आमची निम्मी पोरं ती वाचून समजून घेत नाहीत. भाषेच्या वादात मी इथं शिरत नाही. मुद्दा एवढाच, की लाजेची गोष्ट माणूस घरच्या भाषेतच बोलतो. एकदा एका मुलाला समुपदेशक बाईंकडं नेलं. त्या कन्नड. मुलगा मान खाली घालून "हौदु", "इल्ला", म्हणजे हो किंवा नाही, एवढंच म्हणत होता. मग बाईंनी मोडक्या मराठीत विचारलं, "बाळ, सकाळी काय खाल्ला?" मुलानं वर पाहिलं आणि पुढचा अर्धा तास तो थांबला नाही. त्यांची क्रियापदं चुकत होती, पण मुलाला त्याचं काही वाटलं नाही.

घरच्यांची मोठी भीती पोलिसांची असते. "टीचर, कुणाला सांगू नका, केस होईल," असं आया मला हात धरून सांगतात. त्यांना माहीत नसतं, की १९८५ च्या अंमली पदार्थविरोधी कायद्यातच ६४-अ कलम आहे. सेवनाच्या किंवा अगदी थोड्या मालाच्या प्रकरणात सापडलेला व्यसनी माणूस स्वतःहून उपचार घ्यायला तयार झाला आणि ते त्यानं पूर्ण केले, तर त्याला खटल्यातून सूट मिळू शकते. आणि पकडलं जाण्याआधी डॉक्टरकडं जायला कुणाची आडकाठी नाही. १४४४६ हा व्यसनमुक्तीचा राष्ट्रीय क्रमांक आहे, फुकट. मन खचलं असेल तर १४४१६ वर टेली-मानस आहे, तिथं मराठीतही बोलता येतं. जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे, धारवाडला मानसिक आरोग्याची जुनी मोठी संस्था आहे. आपल्याकडच्या लोकांच्या तोंडी अजून पुण्याच्या मुक्तांगणचंच नाव पहिलं येतं, १९८६ पासूनची पुण्याई आहे त्यांची. पण एवढ्या लांब जाण्याआधी जवळचं दार वाजवावं. मारझोड करू नये, देवाची शपथ घालून कोंडून ठेवू नये. रोज पिणाऱ्याची दारू घरच्या घरी एकदम तोडली तर झटके येऊ शकतात, जिवावर बेतू शकतं. ते काम डॉक्टरांच्या नजरेखाली व्हायला हवं.

यंदा गणपतीच्या वर्गणीची बैठक होईल तेव्हा मी बोलणार आहे, वेळ मागून ठेवलाय. दादांचे दोन नियम शेजारच्या गल्ल्यांनीही घ्यावेत, हे पहिलं. टपरीवाल्यांना मंडळाच्या पोरांनीच जाऊन हात जोडून सांगावं, की शाळेच्या गणवेशात आलेल्याला काहीही द्यायचं नाही, मग तो बापाचं नाव सांगो की काकाचं. आणि देखाव्याच्या खर्चातून थोडे पैसे बाजूला काढून गावची तालीम उघडावी. वय उलटून घरी बसलेल्या त्या पोरांपैकीच दोघांना थोडं मानधन देऊन तिथं नेमावं, संध्याकाळी साडेपाच ते आठ. धावायचं कसं, छाती फुटत असताना शेवटचे चारशे मीटर कसे मारायचे, हे त्यांच्याइतकं कुणाला येतं? एक जण तयार झालाय. दुसऱ्याच्या आईशी बोलणं चालू आहे. तालमीची किल्ली सध्या पंचायतीत आहे आणि छपराचे तीन पत्रे बदलावे लागतील.